डाव्या हाताच्या मुंडावळ्या

मुलीचं लग्न ठरल्याचं मी आईला व्हिडिओ कॉलवर सांगितलं, तेव्हा तिने मुलगा काय करतो हे विचारलं नाही. कुठला आहे, हेही नाही. ती म्हणाली, "मुंडावळ्या मोठीला ओवायला सांगते. माझ्या डोळ्यांना आता दोरा दिसंना झालाय."

मोठी म्हणजे माझी थोरली बहीण. आई आणि ती दोघी बेळगावात राहतात, दोन गल्ल्यांच्या अंतरावर, आणि आमच्या घरातल्या प्रत्येक लग्नाच्या मुंडावळ्या या दोघींच्या हातून ओवल्या गेल्या आहेत. लग्नाला विकतच्या मुंडावळ्या आणणं आमच्याकडे सणाला विकतच्या पुरणपोळ्या आणण्याइतकं लाजिरवाणं समजतात. नवरानवरीच्या कपाळाला बांधायची मोत्यांची पट्टी आणि तिच्या दोन्ही टोकांपासून गालांवरून खाली सोडलेल्या सरी, हे घरच्या बाईनेच ओवायचं. फक्त ती बाई उजव्या हाताची हवी. मी डावखुरी आहे.

मी बंगळुरूत, मारतहळ्ळीच्या आमच्या फ्लॅटमध्ये स्वयंपाकघरात उभी होते. उजव्या हातात फोन, डाव्या हातात सुरी, समोर अर्धी चिरलेली फरसबी. आणि माझ्या तोंडून निघून गेलं, "मुंडावळ्या मी करणार आहे."

पलीकडे शांतता. नेटवर्क गेलं असावं अशी मला आशा वाटली. पण आमच्या भागात ज्या दिवशी जायला हवं त्या दिवशी ते कधीच जात नाही.

"तू?" आई म्हणाली.

बावन्न वर्षांच्या बाईला पुन्हा नऊ वर्षांची करायला आईला एक अक्षर पुरतं. मी "हो, मीच" म्हणून फोन ठेवला आणि उरलेली फरसबी अशी काही चिरली की रात्री नवऱ्याने विचारलं, ही चटणी आहे का.

नऊ वर्षांची होते तेव्हा आईने मला मणी ओवायला बसवलं होतं. चटईवर मध्ये आई, तिच्या एका बाजूला थोरली, दुसऱ्या बाजूला मी. "माझ्याकडे बघा आणि तसंच करा," ही तिची संपूर्ण अध्यापनपद्धती. थोरलीने बघितलं आणि तसंच केलं. मीही बघितलं आणि तसंच केलं, पण सुई माझ्या डाव्या हातात होती. त्यामुळे दोरा यायला हवा होता त्याच्या नेमका पलीकडून आला, गाठ उलटी पडली आणि मोती चटईभर झाले. आईने उसवलं. पुन्हा दाखवलं. पुन्हा तेच. सुई उजव्या हातात दिली, तर मी मोत्याऐवजी बोट ओवलं. तीन दुपारी हा कार्यक्रम चालला. चौथ्या दुपारी आईने माझ्यापुढची मोत्यांची वाटी उचलली आणि म्हणाली, "राहू दे. शुभकार्यात डावा हात नकोच."

झालं. तोवर मला जमत नाही एवढीच अडचण होती, आता तिचं शास्त्र झालं. तेव्हापासून घरात लग्न निघालं की माझ्याकडे दोरा कापायचं काम. डाव्या हाताने कापलेला दोरा शास्त्राला का चालत होता, हे मी कधी विचारलं नाही. माझ्या स्वतःच्या लग्नातही मी दोरा कापून दिला आणि आई आणि थोरलीने ओवलेल्या मुंडावळ्या बांधून मुकाट्याने उभी राहिले. फोटोत माझा चेहरा लाजरा आलाय असं सगळे म्हणतात. मी लाजत नव्हते.

मुलीला माझा निश्चय कळला तेव्हा ती व्हाइटफील्डच्या ऑफिसमधून नुकतीच परतली होती, म्हणजे अडीच तास कॅबमध्ये बसून तिचं माणूसपण जवळपास संपलेलं होतं. ती म्हणाली, "आई, चिल. तुला काही प्रूव्ह करायची गरज नाहीये. ऑनलाइन मस्त मिळतात, दोन दिवसांत येतात." ज्यांना आयुष्यात एकदाही वाटी उचलून नेलेली बघावी लागली नाही, ती माणसं अशी समंजस असतात. मी म्हटलं, "चार महिने आहेत. मला जमेल." मला जमेल असं मला मुळीच वाटत नव्हतं.

शिकवणार कोण? बहिणीला फोन करणं म्हणजे आईलाच फोन करणं. म्हणून आधी सगळे करतात तेच केलं, व्हिडिओ बघितले. व्हिडिओत चेहरा नसलेल्या एका बाईचे दोन हात असतात, त्यांना लांब नखं असतात आणि मागे बासरी. हात भराभर काहीतरी करतात आणि पट्टी तयार होते. मधे थांबवायचं तर आपले दोन्ही हात सुईदोऱ्यात अडकलेले. मी एकदा नाकाने थांबवायला गेले, तर गृहकर्जाची जाहिरात उघडली आणि एक गृहस्थ माझ्या स्वप्नातल्या घराविषयी बोलू लागले. आहे त्याच घराचे हप्ते अजून संपायचे होते. मी फोन बंद केला आणि ठरवलं, पुस्तक आणायचं. पुस्तक आपण थांबलो की थांबतं.

तीन पुस्तकं जमली. पहिलं चर्च स्ट्रीटवरच्या जुन्या पुस्तकांच्या दुकानातलं, जाडजूड, परदेशी, गुळगुळीत पानांचं. लेखिका प्रस्तावनेत सांगते की मणीकाम हे ध्यानासारखं आहे, श्वास संथ होतो, मन निवतं. ही बाई मला एकदा भेटायला हवी. तिच्या पुस्तकातली पहिली पायरी होती, सुईत दोरा ओवा. दुसरी, एक मणी घ्या. तिसरी, आकृती तीन पाहा. आकृती तीनमध्ये अख्खी पट्टी तयार होती, मनगटात घातलेली, आणि त्या हातात कॉफीचा कप.

दुसरं पुस्तक हिंदी आणि इंग्रजी अशा दोन भाषांत होतं, आणि दोन्ही भाषांची एकमेकींशी ओळख नव्हती. हिंदीत सहा मणी घ्यायला सांगत, त्याच ओळीत इंग्रजीत आठ. मी सात घेतले. तिसरं मराठी, आमच्या सोसायटीतल्या मराठी मंडळाच्या कपाटात सापडलेलं, पहिलं आणि शेवटचं पान गेलेलं. त्यातल्या लेखिकेचा वाचकांवर अपार विश्वास. "मणी ओवत जावे. सुबक तोरण तयार." "वरीलप्रमाणे करावे. सुबक महिरप तयार." आपण जेवत जावे, सुबक म्हातारपण तयार, तसलं काहीतरी.

मण्यांना नंबर असतात हेही पुस्तकातच कळलं. मला आठ नंबरची चप्पल लागते, नऊची मोठी होते. त्या हिशेबाने मोती ठसठशीत दिसावेत म्हणून मी पंधरा नंबरचे मागवले. पाकीट आलं तेव्हा मला वाटलं कुणीतरी चुकून खसखस पाठवली. मण्यांच्या जगात नंबर जेवढा मोठा तेवढा मणी लहान, हे परदेशी बाईने सांगितलं होतं, पण पान एकशे चौऱ्याऐंशीवर, परिशिष्टात. तोवर ज्याला मागवायचे त्याने मागवलेले असणार, हे तिला ध्यानात बहुधा दिसलं असावं.

माझा नवरा पीण्याच्या औद्योगिक वसाहतीत एका छोट्या कारखान्यात सुटे भाग तपासतो. सकाळी सातला निघतो, शहर आडवं ओलांडतो आणि दिवसभर लोकांच्या कामाला नावं ठेवतो, त्याचा त्याला पगार मिळतो. संध्याकाळी तो घरी आला, ती खसखस बघितली, आणि गंमत म्हणून खिशातला जाडी मोजायचा व्हर्नियर काढून एकेक मणी मोजायला लागला. वीस मणी मोजून झाल्यावर त्याची गंमत संपली. "हे बघ," तो म्हणाला, "एकसारखा एक नाही. हा दीड मिलिमीटर, हा एक पॉइंट सात. असा माल आमच्याकडे आला तर गेटवरूनच परत जाईल." त्याने मण्यांचे तीन ढीग केले आणि त्यातला एक रिजेक्ट म्हणून बाजूला सारला. मला राग आला, पण पुढे कळलं की तो बरोबर होता. मणी कमीजास्त असले की पट्टी एका बाजूला झुकते, आणि कुठल्याही पुस्तकाने हे सांगितलेलं नव्हतं. पुस्तकांनी सांगितलेलं नसतं ते घरातला माणूस हमखास सांगतो, आणि वर टॉलरन्स म्हणजे काय हे समजावतो.

मग ऑटो आणि दोन मेट्रो करून चिकपेटला गेले. तिथे एका बोळात मोत्यांचं दुकान, आत गादीवर एक म्हातारे अण्णा. "एनु बेकु, अक्का?" काय हवंय, त्यांनी विचारलं. मी माझ्या बेळगावच्या कानडीत दहा मिनिटं समजावून सांगितलं की कपाळाला बांधायचं, लग्नात, मोत्यांचं. ते हसू दाबत ऐकत होते. आमची कानडी बंगळुरूत बोलली की लोकांना आपण गावाकडच्या नाटकातून पळून आल्यासारखे वाटतो. "बाशिंग?" त्यांनी विचारलं. मी म्हटलं, "सरी." बरोबर, तसंच. त्यांनी आठ नंबरचे मोती पुढे ठेवले आणि विचारलं, "यारु माडोदु?" कोण करणार?

"नानु," मी म्हटलं. मी.

ते "ओहो" म्हणाले आणि ओंजळभर जास्तच मोती पुडीत घातले. "स्वल्प जास्ती इरली." थोडे जास्त असू देत. मी किती फुकट घालवणार याचा अंदाज त्यांना मला बघूनच आला होता.

आता मोती होते, सुई होती, दोऱ्याला लावायला मेण होतं. आणि आकृत्या होत्या, सगळ्या उजव्या हाताच्या. पुस्तकातला बाण उजवीकडून डावीकडे जायचा, माझी सुई डावीकडून उजवीकडे. एक मणी घ्यायचा, मागच्या ओळीतला एक सोडायचा, पुढच्यातून सुई काढायची, एवढाच तो टाका. पण बाण उलटा करून डोक्यात ठेवेपर्यंत हात विसरायचा की कुठला मणी सोडायचा होता. मी पुस्तक उलटं धरलं. मी स्वतः टेबलाच्या दुसऱ्या बाजूला जाऊन बसले. एकदा तर दिव्यासमोर पान धरून मागून आकृती बघितली, तर त्यावर मागच्या पानावरची मासोळी उमटली. तीन आठवडे गेले. पट्टी म्हणून जे काही तयार झालं, ते बघून मुलगी प्रेमाने म्हणाली, "अमीबा?"

त्या दिवशी मी ते परदेशी पुस्तक फेकलंच. सोफ्यावर पडलं, अकराव्या पानावर उघडलं. तिथे खाली, बारीक अक्षरात, एक ओळ होती. डावखुऱ्या वाचकांनी आकृत्या आरशात पाहाव्यात.

दोनशे पानं उजव्यांना आणि एक ओळ आम्हाला, तीही तळटीपेत. यावर खरं तर मी चिडायला हवं होतं. पण मी सोफ्याच्या कडेला बसून रडले. कुठल्यातरी परक्या देशातल्या, मन निवलेल्या बाईला पुस्तक लिहिताना क्षणभर वाटलं होतं की वाचणारी डावखुरीही असू शकेल. माझ्या घरात हे कुणाला वाटलं नव्हतं. रडून झाल्यावर मी बाथरूममधला नवऱ्याचा दाढीचा आरसा काढून आणला.

जेवणाच्या टेबलावर माझ्यासमोर डाळीच्या दोन डब्यांना टेकवून आरसा उंच उभा केला. त्याच्यापुढे पुस्तक, आरशाकडे तोंड आणि माझ्याकडे पाठ करून. आरशात बाई डावखुरी झाली. बाण माझ्या बाजूने धावू लागले. अक्षरं उलटी दिसत, म्हणून वाचायचं झालं की पुस्तक उचलून फिरवायचं, बघायचं झालं की पुन्हा त्याला पाठ करून बसवायचं. दिवसातून शंभर वेळा. मानेला व्यायाम झाला आणि सुई चालायला लागली. नवरा फोनच्या कॅमेऱ्यात बघून दाढी करू लागला. कानाखाली रोज एक पट्टा राहायचा, पण पीण्यात माणसांची तपासणी होत नसल्यामुळे तो खपून गेला.

शेजारच्या फ्लॅटमध्ये पुण्याहून आलेल्या एक बाई राहतात. त्या एका दुपारी साखर मागायला आल्या आणि टेबलावरचा थाट बघून म्हणाल्या, "अय्या, किती पेशन्स आहे हो तुमच्यात!" आमच्या दोघींच्या मधली भिंत बरीच जाड असावी. त्यांनी दोन फोटो काढले, मंडळाच्या ग्रुपवर टाकले, आणि संध्याकाळपर्यंत मला चौदा अंगठे आणि एका अनोळखी गृहस्थांचा मोत्यांच्या आयुर्वेदिक फायद्यांविषयीचा लेख आला.

पण तिसऱ्या महिन्यात नवरीची पट्टी झाली. सरळ, सपाट, कुठे न झुकलेली. नवऱ्याने व्हर्नियर लावून पाहिला आणि काही बोलला नाही, म्हणजे पास. मी ती आरशासमोर कपाळाला लावून बघितली. दार आधी लावून घेतलं होतं.

राहिलं होतं फक्त टोक. जिथे कपाळावरची पट्टी संपते तिथून गालावरची सर खाली सोडायची, आणि ती अशी बांधायची की डोकं हललं तरी सर गिरकी घेणार नाही. परदेशी पुस्तकाचं शेवटचं वाक्य होतं, आता टोकं तुमच्या नेहमीच्या पद्धतीने बंद करा. माझी नेहमीची पद्धत! माझी नेहमीची पद्धत दोरा कापून देण्याची होती. हिंदी पुस्तकाने गाठ मारायला सांगितलं, त्याच्या इंग्रजीने गोंद लावायला. मराठी पुस्तक म्हणालं, सुबक गाठ मारावी. मी सात तऱ्हेच्या गाठी मारल्या. सातही वेळा सर पंख्याखालच्या कॅलेंडरासारखी फिरत राहिली. आरसा इथे काही कामाचा नव्हता, कारण दाखवायला आकृतीच नव्हती.

आणि लग्न दोन आठवड्यांवर असताना आई आली.

बेळगावहून रात्रीच्या गाडीत बसून सकाळी ती आमच्या दारात उभी, हातात पिशवी आणि पिशवीत कुंद्याच्या मिठाईचा खोका. बेळगावचा कुंदा म्हटल्यावर मी आल्या आल्या खोकाच उघडला. आत मुंडावळ्या होत्या. दोन जोड, थोरलीने ओवलेले, कापसात गुंडाळलेले.

"असू देत," आई म्हणाली. "वेळेला लागतील."

मी झाकण लावलं. चहा केला. माझी पट्टी आणि तिच्या टोकांना लोंबणाऱ्या, फिरणाऱ्या दोन सरी आणून तिच्यापुढे ठेवल्या, त्या खोक्याच्या शेजारी. आईने पट्टी उचलली. डोळ्यांना दिसत नाही म्हणून ती बघत नव्हती, बोटांनी चाचपत होती, गहू निवडावेत तशी, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत.

"वळ उलटा आहे," ती म्हणाली.

"डाव्या हाताचा वळ असाच असतो," मी म्हटलं. "उजव्याचा पाहिजे असेल तर खोक्यात आहे. तोच बांध तुझ्या नातीला." आणि मी स्वयंपाकघरात जाऊन कुकर लावला. कुकरला शिट्ट्या होतात ही फार चांगली सोय आहे. तेवढा वेळ कुणाचं काही ऐकू येत नाही.

बाहेर आले तेव्हा आई टेबलापाशी उभी होती. "हे काय थाटलंयस?"

"पुस्तकातली बाई उजव्या हाताची आहे," मी म्हटलं. "आरशात बघितली की डावखुरी होते. मग मला कळतं."

आई आरशात बघत राहिली. तिला किती दिसत होतं कोण जाणे. तिने उजवा हात वर केला. खाली घेतला. पुन्हा वर केला. मग पानावर येऊन बसली, आणि जेवणभर वरणात मीठ कमी आहे यापलीकडे काही बोलली नाही.

आई दुपारी झोपते. तिची झोप हे आमच्या घरातलं घड्याळ होतं. त्या दिवशी मी भांडी आवरत होते आणि बाहेर खुर्ची ओढल्याचा आवाज आला. जाऊन बघते तर तिने आरसा उचलून सोफ्यावर पालथा घातला होता, डाळीचे डबे बाजूला सारले होते, पुस्तक मिटलं होतं आणि आरशाच्या जागी, टेबलाच्या पलीकडे, खुर्ची टाकून ती स्वतः बसली होती. हातात तिच्या परकराची नवी नाडी.

"ये. बस," ती म्हणाली. "सुई घे. डाव्या हातातच घे."

मी बसले. बारीक दोरा तिला दिसणार नव्हता, म्हणून तिने नाडी घेतली होती, मला दोरा. "आता माझ्याकडे बघ," ती म्हणाली, "आणि तसंच कर." तिचा उजवा हात हलला, माझा डावा हलला. ते दोन्ही हात टेबलाच्या एकाच बाजूला होते. तिने नाडी दोनदा वेढली, माझा दोरा दोनदा वेढला गेला. तिने खालून घेतली, मी खालून घेतला. शेवटच्या दोन मोत्यांतून दोरा मागे फिरवायचा आणि मगच आवळायचं, एवढंच होतं ते. मी पट्टी उचलून हलवली. सर लोंबली, सरळ, गिरकी न घेता.

मला आनंद व्हायला हवा होता. मला राग आला. इतका की कानशिलं तापली. त्रेचाळीस वर्षं. आई तीच, मी तीच, हातही तेच. तिने मला शेजारी बसवण्याऐवजी समोर बसवायला हवं होतं, बस्स. एक वाटी उचलायच्या ऐवजी एकदा स्वतः उठून पलीकडे बसायला हवं होतं.

"तेव्हा का नाही बसलीस समोर?" मी विचारलं. आवाज चढलाच.

आई नाडीची गाठ सोडत राहिली. "मला माझ्या आईने शेजारी बसवूनच शिकवलं की," ती म्हणाली. "समोर बसायचं सुचलंच नाही गं."

"आणि शास्त्र?"

"कसलं शास्त्र." तिने नाडी टेबलावर ठेवली. "मोठी दोन दिवसांत शिकली. तुला मला शिकवता येईना. ते कुणाला सांगू? शास्त्र म्हटलं की कोण विचारत नाही."

इतक्या वर्षांत तयार करून ठेवलेली कितीतरी वाक्यं माझ्याकडे होती, चांगली धारदार, पुन्हा पुन्हा घासलेली. त्यांतलं एकही यावर बसेना. मी कधीही न शिकू शकलेली मुलगी होते, आणि समोर बसलेली बाई कधीही न शिकवू शकलेली. दोघींनी मिळून दोष माझ्या हाताला देऊन टाकला होता.

आईने हात पुढे करून माझी गाठ चाचपली.

"सैल आहे," ती म्हणाली. "ओढ की नीट. लग्नात पोरगी मान खाली घालणार, वर करणार, सुटली म्हणजे?"

माझ्या आयुष्यात आईने माझ्या हाताला नाही, कामाला नावं ठेवण्याची ही पहिली वेळ होती. मी ओढली. तिने पुन्हा चाचपली आणि "हं" म्हणाली. मग कुंद्याचा खोका जवळ घेतला, थोरलीचे दोन्ही जोड कापसासकट बाहेर काढून बाजूला ठेवले आणि रिकामा खोका माझ्याकडे सरकवला.

"यात ठेव तुझ्या. मोठीच्या ह्या गणपतीतल्या गौरीला घालू."

"मोठीला काय सांगशील?"

"तिचं मी बघते." तिने चष्मा पुसला, जो पुसून काही उपयोग नव्हता. "नवऱ्या मुलाच्या अजून व्हायच्यात न्हवं? उद्या घेऊ करायला. तो आरसा देऊन टाक आता तुझ्या नवऱ्याला, दाढी बघितलीस काय त्याची? मी बसते समोर."